जेवायला नक्की येतो

पोलिसाने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आबा कलिंगडाच्या बिया बशीच्या कडेला ओळीने लावत होते. सतरा झाल्या होत्या.

"आप लोग आज सुबह हुमैद बिन सालिम के घर गया था?"

"नो," दाजी म्हणाले. दाजी घाबरले की इंग्रजीत बोलतात. जास्त घाबरले की बोलतच नाहीत, म्हणजे अजून थोडी जागा शिल्लक होती.

ओमानच्या किनाऱ्यावर, मस्कतपासून सहा तास दक्षिणेला, आठ खोल्यांचं ते हॉटेल होतं. मागे वाळवंट, पुढे समुद्र, आणि मधे सुट्टीवर आलेले आम्ही चौघे. माझी आक्का, तिचे मस्कतला नोकरी करणारे मिस्टर म्हणजे दाजी, दाजींचे वडील आबा, आणि मी. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिले होते, म्हणून आक्काने हवापालटासाठी कोल्हापुराहून बोलावून घेतलं होतं. हवा पालटली होती. विषय राहिलेच होते.

"बुढा आदमी है," पोलीस सावकाश म्हणाला. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नासिर असं लिहिलं होतं. "सत्तर साल. दो बजे घर से पैदल निकला. बेटी को बोला, मेहमान को लाने जाता हूँ. अभी चार बज गया." त्याने मान वळवून समुद्राकडे पाहिलं. "छह बजे पानी चढ़ेगा. आज चाँद पूरा है. पानी बहुत आएगा."

"कौन मेहमान?" दाजींनी विचारलं.

"इंडियन. सफ़ेद गाड़ी."

आवारात पाच गाड्या उभ्या होत्या. पाचही पांढऱ्या होत्या. त्या देशात दुसऱ्या रंगाची गाडी मी फक्त अग्निशमन दलाची पाहिली.

आबांनी अठरावी बी लावली आणि माझ्याकडे पाहिलं. मी बियांकडे पाहिलं. बियांनी काहीच मदत केली नाही.

---

सकाळी नऊला आमची गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत रुतली होती. "फोर बाय फोर आहे, कुठंही जाते," असं दाजी म्हणाले आणि गाडी तिथे गेली. निघायचं मात्र तिच्या मनात नव्हतं. दाजी जितका ॲक्सिलरेटर दाबत, तितकी ती आणखी खाली बसे. आक्का म्हणाली, "आणखी दाबा. पाणी लागेल, विहीर तरी होईल."

तेवढ्यात पांढरा पायघोळ झगा आणि डोक्याला गुंडाळलेला फेटा अशा वेशातला एक म्हातारा किनाऱ्यावरून चालत आला. काही न विचारता चाकाशी बसला आणि टायरमधली हवा सोडू लागला.

"आरं, हवा सोडतोय की ह्यो!" आबा ओरडले. "बघत काय बसलाईसा? धरा त्याला!"

आम्ही धरेपर्यंत चारही टायर निम्मे झाले होते. म्हाताऱ्याने दाजींना हाताने बाजूला केलं, स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि एका दमात गाडी बाहेर काढली. चपटा टायर वाळूवर पसरतो आणि तरतो, हे त्याने आम्हाला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. तरुणपणी तो गलबतावर होता, मुंबईला जाऊन येऊन असायचा, तिथेच हिंदी शिकला. नाव हुमैद. आम्ही त्याला चाचा म्हणू लागलो. टायर परत भरायला पंप त्याच्या घरी होता, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. म्हणजे आम्हाला तसंच वाटलं. खरं तर पंप नसता तरी त्याने नेलंच असतं.

आक्काला आत बायकांकडे नेलं. तिथे त्याची मुलगी शम्सा होती. आम्हा पुरुषांना बाहेरच्या बैठकीत गालिच्यावर बसवलं. खजूर आले, आणि वेलदोड्याची कडू कॉफी. कप एवढासा, कान नसलेला. पुरे झालं की कप मनगटातून दोनतीनदा हलवायचा, अशी तिकडची पद्धत आहे. हलवला नाही तर यजमान भरत राहतो. हे आम्हाला माहीत नव्हतं. आबा रिकामा कप सभ्यपणे समोर धरायचे, चाचा तितक्याच सभ्यपणे भरायचा. दिलेलं परत करायचं नाही, हे आबांचं शिक्षण. मागितलेलं नाकारायचं नाही, हे चाचाचं. अकराव्या कपाला आबांच्या कपाळावर घाम आला.

"माणूस लई चांगला हाय," आबा माझ्या कानात म्हणाले, "पर मारणार मला."

आणि ते लगबगीने घरामागे गेले. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्यांची लगबग बघायला पाच मिनिटं लागायची. चाचाने त्यांची ती चाल दारापर्यंत नीट पाहिली.

मग तो दाजींकडे वळला. दुपारी एक वाजता जेवायला यायचं. भात आणि सुरमई. शम्सा बनवते. दाजी म्हणाले, "हाँ हाँ, ज़रूर, नक्की!" आणि टायर भरायला बाहेर पळाले.

इथे आमच्याकडची पद्धत सांगितली पाहिजे. कोल्हापुरात कुणाच्याही घरून निघताना 'जेवायला नक्की येतो' म्हणावंच लागतं. त्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. पण ते म्हटलं म्हणून कुणी भात टाकत नाही. दिवस ठरला, वेळ ठरली, तरी त्या दिवशी सकाळी फोन येतो, "निघताय ना?" फोन आला तर कुकर चढतो. नाही आला तर दोन्ही घरं सुखाने आपापलं जेवतात, आणि पुढच्या लग्नात भेटल्यावर एकमेकांवर रुसून दाखवतात. ही व्यवस्था इतकी पक्की आहे की यात कुणी खोटं बोलतंय, असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही येत नाही.

बैठकीत आता मी आणि चाचा दोघेच.

"एक बजे तक क्या करोगे?" त्याने विचारलं.

खरं उत्तर असं होतं की हॉटेलवर जाऊन जेवणार आणि झोपणार. पण नुसत्या 'नक्की'वर माझं भागत नाही. मला थोडी कलाकुसर लागते. खिडकीतून दूर एक मोडकं लाकडी गलबत दिसत होतं. पांढऱ्याशुभ्र सपाट जमिनीवर, समुद्रापासून बरंच आत, कलंडलेलं. मी त्याच्याकडे बोट केलं.

"वो जहाज़ देखेंगे चाचा. चारों जन. देखके सीधा आपके पास खाना खाने."

त्याचा चेहरा बदलला. "उधर नहीं. ऊपर सूखा दिखता है. नमक है. नीचे कीचड़. गाड़ी खा जाता है."

"गाड़ी नहीं लेंगे. पैदल जाएँगे."

"पैदल भी नहीं. और वो बाबा..." त्याने आबा गेले होते त्या दाराकडे पाहिलं. "बाबा कैसे चलेगा?"

"बाबा पहलवान है," मी म्हणालो. "हम सब पहलवान हैं. आप चावल गरम रखो."

माझं वजन तेव्हा एकावन्न किलो होतं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याने खिडकीतून गलबताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग इतकंच म्हणाला, "मत जाओ. जाओ तो एक बजे आओ."

"एक बजे," मी म्हणालो. "नक्की."

---

एक वाजता आम्ही हॉटेलच्या जेवणघरात होतो. आबांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"त्या माणसाला येतो म्हणलाईसा न्हवं?"

"आबा, त्याच्याकडे आपला नंबर तरी आहे का?" दाजी म्हणाले. "फोन केल्याशिवाय कोण भात टाकतंय?"

आबांनी विचार केला. चाळीस वर्षं साखर कारखान्यात टाइमकीपर होते, माणूस नियमाचा होता. नियम त्यांना पटला. ते जेवले. जेवून आम्ही समुद्रात डुंबलो, सावलीत लोळलो. मी आक्काचा काळा चष्मा लावलेला फोटो काढला. तो फोटो अजून आहे. त्यात वरच्या कोपऱ्यात तारखेसोबत वेळही छापली गेली आहे, दोन वाजून बावीस मिनिटं.

---

"नो," दाजी चौथ्यांदा म्हणाले, आणि जेवणघराचं दार उघडून शम्सा आत आली.

ती नासिरच्या जीपमध्ये बसून होती. नासिर तिचा मामेभाऊ निघाला. तिने खोलीभर नजर फिरवली, सरळ आक्काजवळ आली आणि तिच्या दंडाला धरलं. अरबीत काहीतरी बोलली, वेगाने, आणि मधेच थांबून आक्काच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. आक्का जिवंत आहे याचा तिला आनंद झाला होता. ते कळायला भाषा लागली नाही.

दाजी गप्प झाले.

"गेलो होतो," आक्का मराठीतच म्हणाली, मग हिंदीत. "गए थे. कॉफी पी. इसको मैंने बोला था, यहाँ से हम शंख वाले बीच पर जाएँगे."

"हाँ," नासिर म्हणाला. "वही बोल रही है. हुमैद उधर ही गया होगा. दस आदमी उधर ढूँढ रहा है. आप लोग उधर गया था?"

"नाही गेलो. नहीं गए. ऊन फार होतं."

"खाने पर जाने वाला था?"

आक्काने दाजींकडे पाहिलं. दाजी टेबलक्लॉथकडे बघत होते. मला मराठीत, ओठ न हलवता म्हणाले, "इंद्या, गप बसायचं. म्हातारा सापडेल. माझं रेसिडेंट कार्ड त्यांच्या हातात आहे. केस झाली तर विमानात बसवून परत पाठवतील सगळ्यांना."

दाजींना फक्त जेवणाचं माहीत होतं. गलबताचं मला आणि चाचाला. त्या दोघांपैकी एक आता सापडत नव्हता.

नासिरच्या वायरलेसवर कुणीतरी बोललं. त्याने ऐकलं आणि शम्साला काहीतरी सांगितलं. तिने आक्काचा दंड सोडला आणि खुर्चीवर बसली. शंखांच्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं. पावलंही नव्हती. आता आणखी पुढे, दक्षिणेला बघणार होते. गलबत उत्तरेला होतं.

मी मनात हिशेब केला. तो म्हातारा तिथेच जन्मला होता. कुठे पाय ठेवायचा हे त्याला कळत असणार. तो गलबतापर्यंत जाऊन, तिथे कुणी नाही बघून, एव्हाना परतला असणार. मग मी दुसरा हिशेब केला. परतला असता तर घरी असता. मला पहिला हिशेब जास्त आवडला, म्हणून मी तोच पुन्हापुन्हा करत बसलो.

"साडेचार," आबा म्हणाले. घड्याळ न बघता. त्यांना वेळ आपोआप कळायची.

नासिर शेजारच्या टेबलावरच्या मल्याळी जोडप्याशी बोलत होता. बाहेर ऊन तसंच लख्ख होतं. इतकं की त्यात काही वाईट घडू शकेल असं वाटू नये. पाणी मात्र हॉटेलच्या पायऱ्यांच्या जरा जवळ आलं होतं. दुपारी मी जिथे टॉवेल अंथरला होता तिथे आता लाट होती.

"पावणेपाच," आबा म्हणाले. मग हळूच, "इंद्या, तुला घाम का फुटलाय रे? एसी हाय की इथं."

"काही नाही आबा."

"मी मागं गेलो तवा तू एकटा हुतास न्हवं त्याच्यासंगं? काय बोलला?"

"काय नाही. इकडचं तिकडचं."

आबांनी बशीतल्या बियांची ओळ बोटाने मोडली. "तू इकडचं तिकडचं बोलतोस," ते म्हणाले, "तवा मला लई भ्या वाटतं."

मी उठलो. नासिरजवळ गेलो आणि एका दमात सांगितलं. गलबत, चारों जन, पैदल, एक वाजता. मागे दाजींची खुर्ची मागे सरल्याचा आवाज आला आणि तिथेच थांबला.

नासिर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "आधा घंटा पहले क्यों नहीं बोला?"



"चलो," तो म्हणाला आणि माझं कोपर धरलं. "तुम भी."

---

जीप चाचाच्या घराच्या थोडी पुढे थांबली. तिथून पांढरी जमीन सुरू होत होती, मैलभर, काचेसारखी. पलीकडे गलबत. तिथून ते सकाळच्यापेक्षा लांब दिसत होतं. दोन कोळी मागच्या गाडीतून आले. त्यांनी प्लायवूडचे तक्ते आणि दोर उतरवले.

मिठाच्या कवचावर पावलांची एक रांग होती. अनवाणी, सरळ, न अडखळता गेलेली. अर्ध्या वाटेपर्यंत पावलं उथळ होती. मग खोल. मग ती पावलं नव्हतीच, भोकं होती आणि प्रत्येक भोकात पाणी होतं. एका तक्त्यावरून दुसऱ्यावर, मागचा उचलून पुढे टाकत आम्ही गेलो. डाव्या हाताला समुद्र दिसत नव्हता, पण पांढरी जमीन तिकडून करडी होत येत होती. कडेने, आवाज न करता.

तो गलबतापासून शंभरेक पावलं अलीकडे होता. कमरेपर्यंत आत. फेटा सुटून गळ्यात आला होता. तोंड गलबताकडे, पाठ आमच्याकडे. आणि तो हाका मारत होता. आमची नावं त्याला माहीत नव्हती. "बाबा!" असं ओरडायचा, मग थांबून ऐकायचा, मग पुन्हा, "बाबा!"

नासिरने हाक दिली तशी त्याने मान वळवली.

"पुढे कवच कच्चं आहे," एक कोळी अरबीत म्हणाला असावा, कारण नासिरने आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "सबसे हल्का तुम है. लेटके जाओ. रस्सी उसके बगल के नीचे डालो."

मी तक्त्यावर पालथा झालो आणि सरपटत गेलो. मिठाचा वास नाकात भरला. खाली काहीतरी सतत बुडबुडत होतं. चाचाच्या शेजारी, कोरड्या जागी, पाण्याच्या चार बाटल्या एका ओळीत उभ्या केलेल्या होत्या. सीलबंद. त्याचे ओठ फुटून रक्त वाळलं होतं.

त्याने मला ओळखलं. डोळे मोठे झाले.

"तुम बच गया," तो म्हणाला. "बाकी तीन?"

"चाचा, रस्सी पकड़ो."

त्याने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. "पहले बाबा को निकालो. जहाज़ के पीछे होगा. मैं आवाज़ देता, वो जवाब नहीं देता. बाबा का पैर खराब है."

"चाचा, पानी आ रहा है. हाथ दो."

"पहले बाबा."

मी दोर त्याच्या डोक्यावरून टाकला. त्याने तो काढला, गोळा केला आणि गलबताच्या दिशेने फेकला. जेमतेम दोन हात गेला. मग त्याने हात पुन्हा काखेत घातले. मागून नासिर ओरडत होता. माझ्या पोटाखालचा तक्ता ओला झाला होता. चाचाच्या भोवतीच्या चिखलावर पाण्याचा पातळ थर आला आणि एक बाटली आडवी झाली.

"वो लोग निकल गया चाचा," मी म्हणालो. "सब निकल गया. अच्छा है सब."

"किधर से?"

"उधर से. पीछे से."

"झूठ," तो म्हणाला, रागाने नाही, माहिती दिल्यासारखा. "ढाई बजे से मैं यही देखता है. उधर से एक चिड़िया नहीं निकला."

पाणी त्याच्या बेंबीच्या वर होतं. माझ्याकडे चोवीस वर्षांत जमवलेल्या थापा होत्या, एकाहून एक सरस. मी त्या सगळ्या चाचपून पाहिल्या. त्यातली एकही त्याच्या त्या हातांपर्यंत पोचणारी नव्हती.

"कोई गया ही नहीं, चाचा," मी म्हणालो. "जहाज़ देखने कोई नहीं गया. मैंने ऐसे ही बोला था. हम लोग होटल में थे. पूरा टाइम."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझं हिंदी कळलं नसावं असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं.

"बाबा?" त्याने विचारलं.

"होटल में. ठीक है."

"तुम्हारा बहन? उसका आदमी?"

"सब होटल में."

त्याने डोळे मिटले. ओठ हलले. काहीतरी अरबीत म्हणाला, पुटपुटत, लांबलचक. शिव्या असतील असं मला वाटलं, आणि असाव्यात असं फार वाटलं. पण मागून नासिरनेही तेच शब्द म्हटले. देवाचे आभार मानायचे ते शब्द होते.

मग त्याने डोळे उघडले.

"खाना खाया सब ने?"

"खाया," मी म्हणालो.

"अच्छा."

मग त्याने काखेतून उजवा हात बाहेर काढला, चिखलाने भरलेल्या झग्यावर जितका पुसता येईल तितका पुसला, आणि माझ्या हातात दिला.